पत्त्यांतलं 'किलवर' म्हणजे नेमकं काय?

अबोली:
गणपतीत आरत्या आटोपल्या की आमच्याकडे तीनशे चारचा डाव बसतो. यंदा भाचीने विचारलं, "मावशी, बदाम बदामासारखा, चौकट चौकटीसारखी, मग किलवर कशासारखं?" कुणालाच सांगता येईना. इंग्रजी 'क्लब'वरून म्हणावं, तर शेवटचा 'र' कुठून आला?

दर्यावर्दी:
अबोलीताई, शब्द डच आहे. त्यांच्याकडे या पानाला 'क्लावर' म्हणतात, म्हणजे तीन पानांचं एक गवत. पत्त्यावरची खूण तीच. इंग्रजांनी चित्र फ्रेंच पत्त्यांवरून उचललं आणि नाव ठेवलं स्पॅनिश पत्त्यांतल्या सोट्याचं, म्हणून त्यांचा 'क्लब' चित्राशी जुळत नाही. आपला किलवर जुळतो.

वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती. तिच्या पडक्या भिंती अजून आहेत, गेलात तर जरूर बघा. १६६३ साली त्यांनी पोर्तुगिजांकडून कोची घेतलं. केरळात हे पान आजही 'क्लावर', कर्नाटकात 'कळावर'. अख्ख्या किनाऱ्याने एक शब्द जपलाय, मला याचं फार अप्रूप वाटतं.

आणि तुमचा तीनशे चार! गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २. एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४. राजाला तीन आणि गुलामाला तीस, हे कुठून आलं असेल? डचांचा 'क्लावरयास' नावाचा खेळ आहे. त्यातही हुकमाचा गुलाम सगळ्यांच्या वर, २० गुणांचा, आणि त्याच्याखाली नव्वी, १४ची. हे खेळ एकाच कुळातले मानतात. 'क्लावरयास'चा अर्थच मुळी किलवरचा गुलाम!

वऱ्हाडी:
आमच्याकडे चिडी म्हणतात, किलवर मी पुण्यात आल्यावर ऐकलं. पण त्या गवताला इंग्रजीतही 'क्लोव्हर'च म्हणतात ना? मग डचच कशावरून?

दर्यावर्दी:
रास्त शंका. गवताला म्हणतात, पण पानाला नाही. इंग्रज खेळायला बसला की 'क्लब्ज'च म्हणणार, त्याच्या तोंडून आपल्याला 'क्लब' मिळाला असता. शिवाय जिथे डचांचं राज्य होतं तिथली बाकीची नावं बघा. श्रीलंकेत इस्पिकला 'इस्कोप्प' म्हणतात, इंडोनेशियात 'सेकोप'. दोन्ही डच 'स्खोपन'वरून.