धर्मग्रामाची मराठी पहिली बंद करावी का?

बावखल:
वसईतल्या आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या कॅथलिक लोकांच्या, सभेत आपल्या शाळेचा विषय निघाला. पट घसरलाय, तेव्हा येत्या जूनपासून मराठी माध्यमाची पहिली भरवायची नाही, खोली इंग्रजी विभागाला द्यायची. माझा ठाम विरोध आहे.

१५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ ला चिमाजी अप्पांनी ती घेतली. राज्य गेलं, वाड्यांतली ख्रिस्ती माणसं राहिली. घरात सामवेदी नाहीतर वाडवळी बोली, देवळात म्हणजे चर्चमध्ये मिस्सा (उपासना) लॅटिनमध्ये, आणि वाचता येणारी माणसं मोजकीच. देवळाशेजारच्या शाळेने आम्हाला वाचायला शिकवलं. माझी आजी भाजीच्या पाट्या घेऊन दादरला जायची आणि कागदावर अंगठा उठवायची. आई त्या शाळेत चौथीपर्यंत शिकली. कॅथलिक धर्मगुरूंच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीतून होऊ लागली, तेव्हा पुढे ती बायबलचं वाचन करायला उभी राहायची आणि आजी पहिल्या बाकावर बसून ओठ हलवत ऐकायची. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्यामागेही मराठी शिकलेल्या पिढ्या आहेत. ती मुळं आपणच उपटायची?

रहाट:
तुमच्या आईंबद्दल आदर आहे, पण सभेत विरोध करणाऱ्यांपैकी किती जणांची नातवंडं मराठी विभागात आहेत? माझी मुलगी नाही, हे सरळ सांगतो. मी मराठीतून दहावी झालो. अंधेरीला नोकरी लागल्यावर पहिली दोन वर्षं मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही. उत्तर माहीत असायचं, वाक्य जुळायचं नाही. लेकीवर ती वेळ येऊ द्यायची नाही. लोकांना जे हवं होतं ते शाळेने तेव्हा दिलं, आजही तेच करावं. शिवाय पट कमी झाला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची संख्या ठरते तेव्हा, शिक्षक अतिरिक्त ठरतात, मग एकाच बाईंकडे दोन-दोन इयत्ता येतात. त्यात मुलांचं काय भलं?

पानवेल:
मी अशाच एका शाळेत बावीस वर्षं शिकवतेय. आमच्या पहिलीत आता वाड्यांवर मजुरीला आलेल्या आदिवासी घरांतली, वॉचमनची मुलं येतात. कॅथलिक मुलं बोटांवर मोजण्याइतकी. मराठी विभाग अनुदानित, फी नाही. इंग्रजी विभाग विनाअनुदानित, तो फीवरच चालतो. खोली त्यांना दिली की बाकावरची मुलंच बदलतात, माध्यमाचा वाद तर नंतरचा. एका मुलीची आई रोज शाळा सुटताना वही उघडून विचारते, ‘बाई, ह्यात हिचं नाव कुठलं?’ मी बोट ठेवते, ती त्यावरून आपलं बोट फिरवते. ख्रिस्ती शिक्षणावरच्या १९६५ च्या जाहीरनाम्यात ख्रिस्तसभेने गरिबांची, घराचा आधार नसलेल्यांची, परधर्मीयांची खास काळजी घ्यायला सांगितलंय. ती हीच मुलं ना?

रहाट:
बाई, हे पटलं. मग त्यांना इंग्रजी विभागातच फी न घेता घ्या. आपल्यासारख्या अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्यातल्या, गरीब-वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के जागांतून सुप्रीम कोर्टाने २०१४ ला सूट दिली. आपण ती सूट न वापरता जागा राखू. खर्चासाठी धर्मग्रामाने वर्गणी काढावी, माझी पहिली.

बावखल:
वर्गणीचं मोठं मन आहे तुमचं. पण ज्या घरात कोणी शाळाच पाहिली नाही, तिथलं सहा वर्षांचं पोर इंग्रजी वर्गात काय बोलणार? तुम्ही पंचविशीत गप्प बसलात, ते पहिल्याच दिवशी गप्प बसेल.

पानवेल:
पहिली मराठीतच राहू द्या, पुढे सेमी करा. गणित-विज्ञान इंग्रजीतून म्हटलं की पालकही थांबतात. पट आपोआप वाढणार नाही, त्यासाठी दारोदार जावं लागेल. सोमवारपासून मी प्रवेशाचे अर्ज घेऊन वाड्यांवर निघतेय. यायचं असेल त्यांनी सकाळी साडेसातला देवळाच्या फाटकाशी या. रहाट, तुम्हीही या.