मदत हवी आहे: ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं) करूनही ब्रेक पेडल मऊच

पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेली पेट्रोल हॅचबॅक आहे. ब्रेक पॅड बदलल्यानंतर पेडल मऊ लागायला लागलं. पहिल्या दाबाला बरंच खाली जातं, लगेच दोन-तीनदा पंप केलं की वर येऊन घट्ट होतं. इंजिन बंद असताना ठीक वाटतं, पण त्यावरून काही ठरवता येत नाही, बूस्टरची (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाची) मदत नसली की पेडल कडकच लागणार.

आतापर्यंत केलेलं: जुनं ब्रेक ऑइल काढून सीलबंद डब्यातलं डॉट ४ भरलं, चारही चाकांचं ब्लीडिंग केलं, आता बुडबुडे येत नाहीत. ब्लीड निपल (हवा काढायचे स्क्रू) कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) वरच्या बाजूलाच आहेत. चाकांच्या आतून, होजच्या (ब्रेकच्या रबरी नळ्यांच्या) जोडांवर, बूस्टरजवळ कुठेही गळती नाही, टाकीतली पातळीही उतरत नाही. रबरी होज फुगताना दिसले नाहीत. मागचे ड्रम अजून उघडलेले नाहीत.

गोंधळ इथे आहे. पंप केल्यावर घट्ट होतं म्हणजे हवा किंवा मागचे ब्रेक शूज आणि ड्रम यांच्यातलं जास्त अंतर, असं मला वाटतं. गॅरेजवाला मात्र थेट मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) बदला म्हणतोय. सिलिंडर आतून गळत असता तर पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसलं असतं ना? तसं होत नाही, जागेवर राहतं.

गाडी सध्या उभीच आहे, चालवून बघणार नाही. एबीएसमध्ये अडकलेली हवा काढायला त्याचा पंप चालवू शकेल असा स्कॅनर माझ्याकडे नाही.

होज क्लॅम्पने (रबरी नळी दाबून बंद करणाऱ्या चिमट्याने) एकेक चाक बंद करून दोष शोधणं सुरक्षित आहे का? की आधी ड्रम उघडून शूज ॲडजस्ट करू?