नाताळचं गरम सायडर: खोक्यातला रस चालतो की सफरचंदंच हवीत?

टिळकवाडीकर
डिसेंबर लागला की आमच्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत अमेरिकेतल्या लेकी-सुना फोनवरून गरम मसाल्याचं सफरचंद सायडर शिकवतात. (दारू नव्हे. तिकडे न गाळलेल्या, न आंबवलेल्या सफरचंदाच्या रसालाच हे नाव आहे.) इकडे होतं काय, तर खोक्यातला रस पातेल्यात ओतायचा, चमचाभर गरम मसाला मारायचा आणि कपात भरायचा. माझं स्पष्ट मत, हे सरबत गरम करणं झालं. खोक्यातला रस बहुतेक वेळा आटवलेल्या अर्कात पाणी घालून केलेला असतो. त्यातलं पेक्टिन काढून तो काचेसारखा नितळ करतात. मग अंगच राहत नाही, उरतो नुसता गोडवा.

फळांचं करा. दीड किलो सफरचंदं, बिया काढून, सालीसकट फोडी. बुडून वर चार बोटं येईल इतकं पाणी. दोन बोटभर दालचिनी, सहा-सात लवंगा, आल्याचा तुकडा. झाकण ठेवून मंद आचेवर दीड-दोन तास. मग रवीनं घोटून पंचातून गाळायचं. साखर नाही, उतरवल्यावर काकवी.

कॅम्पातली काकू
दादा, तुमच्या घरी प्यायला माणसं चार. आमच्याकडे २४ तारखेला रात्रीची मिस्सा सुटली की अख्खा गोतावळा घरी. टेबलावर दोदोल, नेवऱ्या, केक. त्या गर्दीत मी दहा किलो सफरचंदं चिरत बसू? खोक्याचा रस वाईट नसतो, त्याला वागवायचं कसं ते कळायला पाहिजे. गोड वाटला तर लिंबू पिळा, संत्र्याच्या सालीचा वरचा केशरी भाग टाका. पांढरा भाग नको, उकळला की कडू होतो. वीस मिनिटं वाफ येईल इतकंच तापवा, खळखळ उकळी नको. पाहुण्यांनी कप परत पुढे केला की माझं काम झालं.

निपाणीचा गडी
दोघांचंबी ऐकलं. ऊस तुटालाय, गुऱ्हाळं पेटलीत, आणि तुम्ही काश्मिरातनं आलेल्या फळाच्या मागं! गरम पाण्यात ताजी काकवी, आलं, मिरी, वरनं लिंबू. थंडीला आणि काय पाहिजे ओ?

टिळकवाडीकर
तो काढा झाला. उत्तम आहे, मीही पितो. पण त्याला फळाचा आंबटपणा आणि वास कुठून येणार? तुमची काकवी मी घेतलीच आहे की, तिकडच्या तपकिरी साखरेच्या जागी.

खानापूरकर
मुद्दा वेगळाच आहे. टिळकवाडीकर खोक्याला नावं ठेवतात, पण फळ पाण्यात शिजवणं हीसुद्धा पळवाटच. मुळात तिकडे सफरचंदं कच्चीच किसून दाबतात, पाण्याचा थेंब घालत नाहीत, आणि तो रस मग मसाल्यात तापवतात. किसलेला गर हवेला लागून तांबूस होतो, तोच त्याचा रंग. दोन तास शिजवलेल्या फळाला मुरंब्याचा वास येतो, ताज्या फळाचा नाही.

दुसरं, फळ कुठलं? आपल्या बाजारात मुख्यतः लाल डेलिशियस. सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन माणसानं १९१६ मध्ये हिमाचलात कोटगढला याची रोपं लावली आणि तिथून तो वाण पसरला. खायला गोड, पण आंबटपणा कमी. एकट्या त्याचं केलं तर पेय मिळमिळीत. तिकडे गोड, आंबट, वासाची अशी मिसळ करतात. आपण निदान तिसरा हिस्सा हिरवी आंबट सफरचंदं घालावीत. मिक्सरला फिरवा, पंचात घट्ट पिळा, झालं.

कारवारची वहिनी
पिळा, पण कच्चा पिऊ नका. १९९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये न तापवलेल्या ताज्या सायडरमधून ई. कोलायची लागण झाली होती, २३ माणसं आजारी पडली. फळं नीट धुवा, डागी आणि कुजकी टाकून द्या, रस ७१ अंशांच्या वर जाऊ द्या. म्हणजे उकळीच्या जरा अलीकडे, कडेनं बुडबुडे यायला लागतात तेव्हा.

आणि मसाल्याबद्दल कोणीच नीट बोलत नाही. पूड घालायचीच नाही, गढूळ होतं आणि तळाला चिखल बसतो. मसाला अख्खा, फडक्याच्या पुरचुंडीत. लवंग अर्ध्या तासात काम करते, त्यानंतर तुरट होऊन जिभेला झिणझिण्या आणते. तेव्हा दादा, दोन तास लवंग शिजवणं मला पटत नाही, शेवटच्या अर्ध्या तासात टाका. बाजारात दालचिनी म्हणून जाड साल मिळते, तिचा एकच तुकडा पुरे. जायफळ आच बंद केल्यावर, दोनदा किसणीवर ओढलं की बास. आंबटपणाला लिंबाऐवजी दोन आमसुलं टाकून बघा. रंगही येतो.

निपाणीचा गडी
आमसूल घातलं म्हणजे गरम सोलकढी झाली की!

कारवारची वहिनी
सोलकढीत नारळ असतो ओ भाऊ. प्या मग बोला.

टिळकवाडीकर
लवंगेचं वहिनींचं मान्य. खानापूरकरांचं नाही. हिमाचलाचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर, काश्मीरचा सप्टेंबर-नोव्हेंबर. नाताळात आपल्याकडे येतं ते बरंचसं शीतगृहातलं. साठवणीत फळातलं आम्ल कमी होतं, गर रवाळ होतो. असलं फळ मिक्सरला लावा, रस सुटत नाही, लापशी होते. पंचात पिळून मनगट दुखतं आणि हातात वाटीभर येतं. रवाळ फळाला पाण्यात शिजवणंच बरं, सगळं पाण्यात उतरतं. दाबायचं असेल तर गणपतीत करा, तेव्हा फळ ताजं असतं.

कॅम्पातली काकू
गणपतीत बेळगावात कोणाला सवड आहे सायडर दाबायला! असो, यंदा मी अर्धं-अर्धं करते. चार किलो फळं आदल्या दिवशी शिजवून गाळून ठेवीन, रात्री त्यात खोक्याचा रस वाढवीन. दादांना कळतंय का बघू. गाळलेलं मात्र फ्रिजमध्येच हं, बाहेर राहिलं की फसफसतं.

खानापूरकर
काकू, कळणार. हिरवी सफरचंदं घातलीत तर कदाचित नाही.

निपाणीचा गडी
काकवी किती लागंल सांगा. बेळगावला यायलोच शनिवारी, कॅन भरून आणतो.