मदत हवी आहे: परवाच्या सुनावणीला बसू की माघार घेऊ?

कोरापान
नमस्कार. आमच्या विद्यापीठात कॉपीची प्रकरणं ऐकणाऱ्या समितीवर दोन विद्यार्थी असतात, त्यातली एक मी. परवा एका मुलीची सुनावणी आहे. इंग्रजी निबंध तिने स्वतः लिहिलेला नाही असं सरांचं म्हणणं. अहवालात ७८ टक्के आलेत. मला काही सुचत नाहीये. बसू की माघार घेऊ? कृपया लवकर सांगा.

जुनाखडू
७८ टक्के कशाचे? दुसऱ्या मजकुराशी साम्याचे की एआयने लिहिल्याचे? साम्याच्या अहवालात कुठलं वाक्य कुठून आलं ते दिसतं, मूळ मजकूर उघडून ताडून बघता येतो. अवतरणं आणि संदर्भसूची धरूनही आकडा फुगतो, तेही तपासता येतं. एआयच्या आकड्यामागे ताडून बघायला काहीच नसतं. आणि माघार का घ्यायची, ते तुम्ही लिहिलंच नाही.

कोरापान
एआयचे. बाकी पुरावा नाही.

रातकिडा
मग त्या आकड्यावर शिक्षा देऊच नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयने एआयचा मजकूर ओळखायचं स्वतःचं साधन जुलै २०२३ मध्ये बंद केलं, अचूकता कमी म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेलचे (इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या इंग्रजी परीक्षेचे) ९१ निबंध, सगळे माणसांनी लिहिलेले, अशा सात साधनांतून काढले. सरासरी निम्म्याहून जास्त निबंध एआयचे ठरले! परक्या भाषेत आपण साधे, ठरावीक शब्द वापरतो, तेच त्यांना खटकतं. माझ्यावरही हाच आळ आला होता. गूगल डॉक्समधल्या जुन्या आवृत्त्या दाखवल्या म्हणून सुटलो. तिला आज रात्रीच सांग, सगळे कच्चे खर्डे गोळा कर म्हणावं.

जुनाखडू
अहो रातकिडा, समितीवर बसणाऱ्या व्यक्तीने जिचा निवाडा करायचा तिलाच गुपचूप सल्ला द्यायचा? उद्या हे बाहेर आलं तर त्या मुलीचीच बाजू पडेल.

रातकिडा
आणि तिला कुणीच काही सांगितलं नाही तर? मला तीन आठवडे कुणी विचारलं नव्हतं, 'तू हे कसं लिहिलंस?' एवढा एक प्रश्न.

पानगळ
मूळ दुखणं वेगळं आहे. विद्यार्थ्यांवर विश्वास टाकला तर ते तो सांभाळतात. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात १८९३ पासून पर्यवेक्षकाविना परीक्षा सुरू झाल्या, विद्यार्थ्यांनीच मागणी केली म्हणून. तिथल्याच व्हर्जिनिया विद्यापीठाची अशीच विश्वासाची पद्धत १८४२ ची. तिथे दोषी ठरलं की थेट हकालपट्टी होती, २०२२ मध्ये विद्यार्थ्यांनीच मतदान करून ती बदलली.

जुनाखडू
प्रिन्स्टनच्या त्याच पद्धतीत दुसऱ्याची कॉपी दिसली तर कळवायची जबाबदारीही विद्यार्थ्यावर येते, ते सांगा ना. मित्राचं नाव द्यायला किती जण तयार होतात? पण हा वाद नंतर, आधी हिचं बघू.

शाईपेन
संदर्भसूचीसाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. मी प्रबंधाची अख्खी सूची त्यात केली. संदर्भ द्यायचा राहून गेल्याने होणारी काही प्रकरणं टळतील.

जुनाखडू
इथे सूचीचा प्रश्नच नाही. कोरापान, तुमचं त्या मुलीशी नातं काय?

कोरापान
माझी खोलीतली मैत्रीण आहे. आणि तो निबंध मी वाचलाय. द्यायच्या आदल्या रात्री तिने मला दाखवला, मी क्रियापदांचे काळ आणि काही वाक्यं सुधारली. ती दोन आठवडे त्यावर बसलेली मी डोळ्यांनी पाहिलीये.

जुनाखडू
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं! तुम्ही न्याय करायला बसूच शकत नाही, तुम्ही साक्षीदार आहात. आजच अध्यक्षांना लेखी कळवा. माघारीचं कारण दोन ओळींत द्या, मग साक्ष द्यायची तयारी आहे असं लिहा. तिच्याशी साक्षीबद्दल बोलू नका. खर्ड्यांचं म्हणाल तर ती सूचना तिला समितीच्या कार्यालयाकडून जाऊ दे, तशी मागणी पत्रातच करा. समितीने तिला निबंधाबद्दल तोंडी प्रश्न विचारावेत हेही मागा. स्वतः लिहिणाऱ्याला आपला मुद्दा कुठून सुचला ते सांगता येतं.

रातकिडा
हे पटलं. पण दुसऱ्याकडून भाषा सुधारून घेणं त्या विषयात चालतं का? नाहीतर साक्ष देऊन ही तिलाच अडकवेल.

कोरापान
अभ्यासक्रमाच्या पत्रकात 'व्याकरणापुरती मदत चालेल' असं आहे, आत्ता उघडून पाहिलं. पण दोन वाक्यं मी अख्खी नवी लिहिली होती.

जुनाखडू
तीही सांगा. लपवलीत आणि खर्ड्यांत दिसली तर तुमच्या बाकीच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवेल?

कोरापान
पत्र पाठवलं. अध्यक्षांचं लगेच उत्तर आलं, माझ्या जागी दुसरा विद्यार्थी बसेल आणि उद्या दुपारपर्यंत माझं लेखी निवेदन हवंय. तिला खर्डे आणायलाही कळवतायत. ती शेजारच्या पलंगावर जागीच आहे, आणि मी ती दोन वाक्यं आठवून लिहितेय.