मदत हवी आहे: सार्डिन मासे, बाकाल्याव (खारवलेला कॉड मासा) आणि आपले कालवण यांच्यासोबत एकच विन्यु व्हेर्द वाइन चालेल का?

नमस्कार. आम्ही पोर्तुगालमधील पोर्टो येथे राहतो. गोव्यात ज्याला सांजाव म्हणतात तो सांव जुआंवचा, म्हणजे संत जॉनचा सण इथे २३ जूनच्या रात्री रस्तोरस्ती साजरा होतो आणि यंदा त्या रात्री आमचे पोर्तुगीज शेजारी आमच्याकडे जेवायला येणार आहेत. निखाऱ्यांवर भाजलेली सार्डिन, सोबत उकडलेले बटाटे आणि भाजलेल्या सिमला मिरच्या हे त्या रात्रीचे ठरलेले जेवण. त्यानंतर बाकाल्याव आ ब्राश, म्हणजे खारवलेल्या कॉड माशाचे तुकडे, बटाट्याच्या तळलेल्या बारीक काड्या, कांदा आणि अर्धवट शिजवलेले अंडे यांचा एकजीव केलेला पदार्थ, आणि शेजाऱ्यांच्याच आग्रहावरून काव्हाला या बांगड्यासारख्या माशाचे नारळ-कोकमाचे कालवण करणार आहे.

वाइन विन्यु व्हेर्दच असावी, असे मनात आहे. उत्तर पोर्तुगालच्या मिन्यु प्रांतातील या वाइनचे क्षेत्र १९०८ मध्ये अधिकृतपणे आखले गेले, त्यामुळे ती इथल्या लोकांच्या अगदी घरची आहे. मी निवडलेली बाटली लोरेइरु, अरिंतु आणि त्राझादुरा या तीन द्राक्षवाणांच्या मिश्रणाची असून तिच्यात १०.५ टक्के अल्कोहोल आहे. लोरेइरुचा फुलांसारखा सुगंध, अरिंतुचा धारदार आंबटपणा आणि या दोघांना थोडे सौम्य करणारी त्राझादुरा, अशी या मिश्रणाची घडण मला समजते. सार्डिनच्या तेलकटपणावर हा आंबटपणा आणि वाइनमधील बारीक बुडबुड्यांची जिभेवरची हलकी चुरचुर उत्तम उतारा ठरते, याबद्दल मला शंका नाही. प्रश्न कालवणाचा आहे. कोकमाच्या आंबटपणापुढे वाइनचा आंबटपणा टिकेल का, आणि मिरचीच्या तिखटावर बुडबुडे अधिकच झोंबतील का? शिवाय ब्राशमधील अंड्यासाठी ही वाइन फार हलकी तर पडणार नाही ना? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

एका बाटलीवर तिन्ही पदार्थ निभावण्याचा हट्ट आपण सोडावा, असे मला वाटते. सार्डिनसाठी आपली निवड योग्य आहे. कालवणाबाबत मात्र नियम असा की पदार्थ वाइनपेक्षा अधिक आंबट झाला की वाइन पाणचट लागते. म्हणून कोकम नेहमीपेक्षा कमी घालावे आणि नारळाचा रस थोडा वाढवावा. अल्कोहोल जितके जास्त, तितका तिखटाचा दाह जास्त, त्यामुळे १०.५ टक्के ही इथे जमेचीच बाजू आहे. बुडबुड्यांची आपली भीती मात्र खरी आहे, तेव्हा मिरची बेताची ठेवावी किंवा किंचित गोडसर विन्यु व्हेर्द मिळाल्यास कालवणापुरती ती घ्यावी. बाकाल्यावसाठी त्याच प्रदेशाच्या उत्तरेकडील मोन्साव आणि मेल्गासु भागातील आल्व्हारिन्यु आणि त्राझादुरा या द्राक्षवाणांचे मिश्रण पाहावे. ते अंगाने भरीव असते, त्यामुळे अंडे आणि तळलेला बटाटा यांना पुरून उरते. बाटली आठ ते दहा अंशांवर ठेवावी. त्याहून थंड केल्यास लोरेइरुचा सुगंध हाती लागत नाही, आणि त्यासाठीच तर आपण पैसे मोजतो.

प्रतिसाद २

वरील मताशी बाकाल्यावपुरता मी असहमत आहे. दोरु खोऱ्यातील राबिगातु, व्हियोझिन्यु आणि गोव्हेयु या द्राक्षवाणांचे लाकडी पिंपात मुरवलेले पांढरे मिश्रण ब्राशला अधिक शोभेल, कारण पिंपातून येणारा स्निग्धपणा अंड्याच्या मऊपणाशी जुळतो. कालवणाजवळ मात्र ती बाटली नेऊ नये. लाकडाची चव आणि मिरची एकत्र आली की तोंडात कडवटपणा राहतो. आणि शेजाऱ्यांनी बाकाल्यावसोबत लाल वाइन मागितली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. खारवलेल्या कॉडसोबत लाल वाइन पिण्याची प्रथा तिथे जुनी आहे, म्हणून साधीशी एक बाटली हाताशी असू द्यावी.