बॅगेवर कागद चिकटवायचाय? आधी झेरॉक्स काढा

(सोसायटीच्या ग्रुपवरच्या गप्पा. नावांऐवजी घरांचे नंबर आहेत.)

सी-१०३ : नमस्कार मंडळी. काल मुंबई विमानतळावर पट्ट्यावरनं दुसऱ्याचीच बॅग उचलून आणली ओ. पनवेलला चहाला थांबलो, बॅगेचं कुलूप उघडेना, तेव्हा कळलं. परत गेलो, चार तास त्यात गेले. तसल्याच निळ्या बॅगा त्या पट्ट्यावर पाच तरी होत्या. मे महिन्यात आपण बावीसजण हरिप्रिया एक्स्प्रेसनं तिरुपतीला चाललोय. बॅगांना काय तरी खूण करूया.

बी-२०४ : लाल रिबीन बांधायची.

सी-१०३ : वहिनी, त्या पाचातल्या दोन बॅगांना लाल रिबीनच होती.

डी-३०१ : ऑइलपेंटनं मोठं नाव घाला. आमच्या वडिलांच्या ट्रंकेवर नाव, गाव, तालुका, जिल्हा सगळं होतं.

ए-२०२ : नावापेक्षा चित्र लांबून ओळखू येतं. माझी तपकिरी बॅग सगळ्यांनी पाहिली आहे, जिच्यावर कमळं आणि एसटीची तिकिटं आहेत. नऊ वर्षं झाली, स्टेशनात, धर्मशाळेत, कुठंही ठेवली तरी कुणी चुकून उचललेली नाही. ते काम मी घरीच केलंय. त्याला डेकूपाज म्हणतात. कागद कापायचा, चिकटवायचा आणि वर व्हार्निशचे हात देत जायचे, कागदाची कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत.

बी-२०४ : काकू, ती तिकिटं मला छापील वाटली होती! खरी आहेत?

ए-२०२ : खरी. कंडक्टरमामा पंच करून द्यायचे ती. आताची मशीनची तिकिटं मात्र घेऊ नका. तो कागद उष्णतेवर छापतो, त्यावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात आणि व्हार्निशखाली कोरी पट्टी उरते.

सी-१०३ : म्हणजे शाहू स्टेडियमची मॅचची तिकिटं चालतील का? माझ्याकडं ढीग हाय.

ए-२०२ : प्रेसमध्ये छापलेली असतील तर उत्तम. पण खरी चिकटवू नकोस. झेरॉक्सच्या दुकानात रंगीत लेसर कॉपी काढ आणि ती चिकटव. घरच्या इंकजेट प्रिंटरची कॉपी नको, तिची शाई पाण्याला पसरते.

हे मी एवढं ठासून का सांगते ते लिहिते, थोडं लांबेल.

माझ्या आईनं कांदा-लसूण चटणीचं प्रमाण शाळेच्या वहीच्या पानावर मला लिहून दिलं होतं. शाईपेननं, निळ्या शाईत. ब्याडगी किती, संकेश्वरी किती, खोबरं, तीळ, धणे, लसूण सोललेला की पाकळ्यांसकट, सगळं. आई गेल्यावर मला वाटलं, हे पान बॅगेच्या झाकणावर लावू, म्हणजे प्रवासात आई बरोबर राहील. झाकण घासून पांढरा हात दिला होता, फेविकॉल पाण्यात कालवलं होतं. पान ठेवलं आणि वरून ओला ब्रश फिरवला. पहिल्याच हाताला ‘ब्याडगी’ हा शब्द विरघळून खाली ओघळला. मी टिपकागद आणायला धावले, येईपर्यंत अर्धं पान फिकट निळं झालं होतं. शेवटच्या ओळीला ब्रश लागला नव्हता तेवढी वाचता येत होती : मीठ अंदाजानं.

ते पान मी काढलं नाही. माझ्या कमळांच्या खाली ते अजून आहे. प्रमाण परत मिळालं नाही. मावशीकडून जे आणलं ते मावशीचं आहे, आईचं नव्हे. म्हणून हात जोडून सांगते, पत्र असो, पत्रिका असो, लेकराचं पहिलं चित्र असो, मूळ कागद कपाटात ठेवा आणि बॅगेवर त्याची झेरॉक्स लावा.

बी-१०१ : वाचून डोळ्यात पाणी आलं ग बाई. तुझ्या आईची चटणी मी खाल्लीय. भाकरीबरोबर नुसती.

डी-३०१ : काकू, आमच्याकडं दोन लग्नांच्या उरलेल्या पत्रिका आहेत. चांगला जाड, सोनेरी कागद आहे.

ए-२०२ : जाड कागद तसाच लावला तर कडा उचलतात. पत्रिका कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, कोपऱ्यातनं पापुद्रा सुटतो. वरचा छापील पापुद्रा तेवढा घ्यायचा. छपाई उडणारी आहे का, हे एका पत्रिकेवर आधी बघा. नक्षीची कैरी, कोयरी, किनार सुरेख निघते.

बी-१०१ : पण गणपती काढून टाकायचा हं. आणि कॅलेंडरवरची अंबाबाईसुद्धा बॅगेला नको. बॅग आपण पायाशी ठेवतो, गाडीत सीटखाली सरकवतो.

ए-२०२ : आज्जी, अगदी बरोबर. देवाचं चित्र बॅगेला लावायचं नाही हे पहिल्यापासून पाळते. फुलं, पानं, रंकाळ्याचा फोटो, खासबागेतल्या कुस्त्यांचं जुनं पोस्टर, काही चालेल. वर्तमानपत्राचा कागद तेवढा टाळा. ओला झाला की पाठीमागची बातमी पुढं उमटते.

बी-२०४ : आणि ते फुलांचे टिशू नॅपकिन मिळतात, ते?

ए-२०२ : नवशिक्याला तेच सोपे. त्याला बहुतेक तीन पदर असतात. खालचे दोन पांढरे सोडवून टाकायचे, वरचा चित्राचा ठेवायचा. तो इतका पातळ की बॅगेवरच रंगवल्यासारखा बसतो. मात्र खालचा रंग फिकट हवा, काळ्या बॅगेवर थेट लावलात तर चित्रच दिसणार नाही.

सी-१०३ : हे नाव फ्रेंच आहे का ओ काकू? आमच्यात कुणाला बोलताच येईना.

ए-२०२ : हो, फ्रेंचमध्ये कापून काढणं या शब्दावरून आलंय. पण जोर धरला व्हेनिसमध्ये, अठराव्या शतकात. चीन-जपानकडची लाखेची कपाटं-पेट्या तेव्हा श्रीमंतांनाच परवडायच्या. मग तिथल्या कारागिरांनी छापील चित्रं रंगवून, कापून लाकडावर चिकटवली आणि वर व्हार्निशचे कितीतरी हात दिले. त्याला तिकडं ‘लाक्का पोव्हेरा’ म्हणायचे, म्हणजे गरिबांचं लाखकाम. मला हे फार आवडतं. महागडी वस्तू घेता येत नाही म्हणून हातानं केली आणि तिचीच कला झाली.

बी-१०१ : मला शिकवशील का? पण ७४ व्या वर्षी कात्री धरायची म्हणजे हात थरथरतो.

ए-२०२ : आज्जी, इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी नावाच्या बाई होत्या. जन्म १७००चा. रंगीत कागद कापून काळ्या कागदावर फुलं चिकटवायला त्यांनी १७७२ साली सुरुवात केली, म्हणजे वय ७२. पुढची दहा वर्षं, दृष्टी अधू होईपर्यंत करत राहिल्या. हजाराच्या जवळपास फुलं झाली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी, पण कात्री तीच. तुम्ही नखं कापायची छोटी कात्री घ्या. कात्री एका जागी स्थिर धरायची आणि कागद फिरवायचा, म्हणजे थरथर कागदावर उतरत नाही.

डी-३०१ : मग नेमकं काय काय आणायचं ते एकदा सांगा.

ए-२०२ : २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, पांढरा अ‍ॅक्रिलिक प्रायमर (पायाचा पहिला हात), फेविकॉल, एक इंची मऊ ब्रश आणि पाण्यावरचं पॉलियुरेथेन व्हार्निश. बॅग कडक कवचाची असेल तर आधी २२०नं घासून चमक मारायची. गुळगुळीत प्लास्टिकवर काहीच टिकत नाही, आठवड्यात सालासारखं निघतं. मग स्पिरिटनं पुसून प्रायमर. तीन भाग फेविकॉलला एक भाग पाणी. आधी बॅगेवर या फेविकॉलचा हात, मग कागद, मग मधून कडेकडे जुन्या एटीएम कार्डानं हलक्या हातानं हवा काढायची. फुगा राहिलाच तर वाळल्यावर सुईनं टोचून दाबायचा. फेविकॉल पाण्यात मऊ पडतं, म्हणून व्हार्निश टाळून चालत नाही. पातळ पाच-सहा हात, दोन हातांच्या मध्ये ४००नं अलगद घासणं.

कोपऱ्यांपासून दोन इंच जागा मोकळी सोडा, पहिला मार तिथंच बसतो. चाकं, चेन, कुलूप यांच्याजवळ काही नको. आजकालच्या बॅगांना उभ्या पन्हळी असतात, त्यावर मोठं चित्र ताणून लावलं की वळणावर फाटतं, तिथं बारीक तुकडे घ्या.

आणि घाई करू नका. बाहेरून वाळलं तरी आतून कडक व्हायला महिना जातो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर ब्रशही वाळत नाही. आता मार्च आहे, या रविवारी सुरू केलं तर मेपर्यंत व्यवस्थित होईल.

बी-२०४ : पासपोर्टपण सजवू का? जूनमध्ये लेकीकडं जायचंय.

ए-२०२ : पासपोर्टला हात लावू नका! तो भारत सरकारच्या मालकीचा असतो, त्यावर साधा स्टिकरसुद्धा नको. वेगळं कव्हर घ्या आणि त्यावर काय हवं ते करा. रेक्झिनचं कव्हर मात्र वाकतं, मधल्या घडीवर कागद तडकतो. चित्र पुढच्या सपाट भागावर ठेवा.

सी-१०३ : काकू, बॅगेच्या आतलं लेबल बघितलं. पॉलिप्रॉपिलीन लिहिलंय.

ए-२०२ : मग तिला कागद नको रे. त्या प्लास्टिकला कितीही घासलं तरी फेविकॉल धरत नाही. पॉलिकार्बोनेट किंवा एबीएस असतं तर जमलं असतं. कॅनव्हासच्या पिशवीलाही जमतं, तिला फक्त कापडावर वापरायचा गोंद लागतो. तुझ्यासाठी आपण टॅग करू. जाड पुठ्ठा, दोन्ही बाजूंना तुझी तिकिटं, सहा हात व्हार्निश, भोकाला पितळी आयलेट आणि चपलेचा जुना चामडी बंद. त्यावर नाव आणि मोबाईल नंबर पुरे, घरचा पत्ता नको. दोन कर. एक बाहेर आणि एक आत, कपड्यांच्या वर. बाहेरचा तुटला तरी आतला राहतो.

सी-१०३ : आतला टॅग डोक्यातच आला नव्हता. काल त्या दुसऱ्या बॅगेत तसला असता तर मीच फोन केला असता त्यांना.

डी-३०१ : रविवार पक्का? किती वाजता?

ए-२०२ : चार वाजता, टेरेसवर. जुनी वर्तमानपत्रं खाली अंथरायला आणा. चहा माझ्याकडं.

बी-१०१ : माझी लग्नातली पत्र्याची ट्रंक माळ्यावर आहे. गंज चढलाय. तिच्यावर होईल का?

ए-२०२ : होईल, झकास होईल. गंज घासून रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या रंगाचा, हात द्यावा लागेल, तो मी देते. पत्रा सपाट असतो, मोठं चित्र बसतं.

बी-१०१ : मग कुणीतरी वर चढून काढून द्या.

सी-१०३ : मी येतो आज्जी, संध्याकाळी सातला. स्टूल आमचं आणतो.