घरगुती बिअरसाठी पहिला संच कोणता घ्यावा? स्वस्त आणि साधा पुरेसा आहे का?

यारा_काठचा (मेलबर्न)

ऑस्ट्रेलियात बाटलीबंद बिअरवरील उत्पादन शुल्क वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, महागाईच्या निर्देशांकानुसार वाढवण्याची पद्धत आहे. त्यामुळे दुकानातील खोक्याची किंमत पाहून घरीच बिअर करावी असा विचार आपल्या मंडळींत पुन्हा जोर धरू लागला आहे. स्वतःपुरती बिअर घरी करण्यास येथे परवाना लागत नाही आणि शुल्कही द्यावे लागत नाही. ती विकता मात्र येत नाही, आणि भट्टी लावून दारू गाळणे हा तर सरळ गुन्हा आहे. हे सांगून झाल्यावर पहिला प्रश्न हमखास येतो तो संच कोणता घ्यावा हा, आणि त्यावर माझे मत ठाम आहे: सुपरमार्केटच्या फळीवर मिळणारा सर्वांत साधा आणि स्वस्त डबा घ्यावा.

या डब्यात असते ते एवढेच. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, १.७ किलो घट्ट अर्क, ज्यात हॉप्सचा, म्हणजे बिअरला चव देणाऱ्या कडू फुलांचा, कडवटपणा कारखान्यातच उतरवलेला असतो, आणि झाकणाखाली सुमारे ७ ग्रॅम कोरड्या यीस्टची पुडी. त्यात आपण १ किलो साखर आणि पाणी घालून २३ लिटर करतो. अर्क गरम पाण्यात विरघळवायचा, थंड पाणी ओतून पातळी गाठायची, यीस्ट भुरभुरायचे आणि १८ ते २० अंश तापमानात आठ-दहा दिवस वाट पाहायची. अ‍ॅडलेडची कूपर्स ही १८६२ पासूनची कंपनी असे डबे अनेक दशके विकत आली आहे, आणि तिच्या साध्या लागर (फिकट, हलकी), ड्राफ्ट किंवा स्टाउट (काळी, दाट) या प्रकारांच्या डब्यांवर या देशातील असंख्य लोक ही कला शिकले आहेत.

महाग डबा घेतल्याने नवशिक्याची बिअर सुधारते हा समज मला पटत नाही. पहिली बिअर बिघडते ती बहुधा अस्वच्छतेने, जुन्या यीस्टने किंवा चढ्या तापमानाने. अशा वेळी दुप्पट किमतीचा डबा आणणे म्हणजे रोग म्हशीला आणि इलाज पखालीला. डब्यावर वाचलेले पैसे चांगल्या यीस्टच्या पुडीवर आणि तापमान राखण्यावर घालावेत.

कडवट_चव (सिअ‍ॅटल)

मी पूर्णपणे असहमत आहे. डब्यातील बिअर वाईटच होते असे माझे म्हणणे नाही. तिच्यातून शिकण्यासारखे काही उरत नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे. कडवटपणा किती असावा हे कारखान्याने ठरवलेले असते, अर्क आटवताना हॉप्सचा बराचसा सुगंध उडून गेलेला असतो, आणि आपल्या वाट्याला ढवळण्याचे काम येते. शिवाय १ किलो साखर घालून केलेली पहिली बिअर पातळ आणि कोरडी लागते, घरातील कोणी दुसरा पेला मागत नाही, आणि वर्षभराने त्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवण्याच्या भांड्यात, तांदूळ भरून ठेवलेले दिसतात.

माझा सल्ला असा की, १ अमेरिकन गॅलनचा, म्हणजे सुमारे ३.८ लिटरचा, धान्यापासून बिअर करण्याचा छोटा संच घ्यावा. सुमारे किलोभर भरडलेले माल्ट कापडी पिशवीत घालून ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे, पिशवी काढून रस तासभर उकळायचा आणि त्यात ठरावीक वेळी हॉप्स टाकायचे. घरातील मोठे पातेले पुरते. पहिल्याच दिवशी माल्टमधील पिष्टाची साखर कशी होते, हॉप्स उशिरा टाकले तर कडवटपणाऐवजी सुगंध का मिळतो, हे नाकाला आणि जिभेला कळते. पैसे थोडे अधिक जातील, परंतु विकत घ्यायचे ते ज्ञान घ्यावे.

यारा_काठचा

ज्ञानाबद्दल दुमत नाही, परंतु चार-पाच तास खपून ३.८ लिटर म्हणजे लहान दहा बाटल्या हाती येतात, आणि त्यांपैकी दोन-तीन चव पाहण्यातच संपतात. इतक्या कष्टानंतर एखादा आंबूस वास आला तर तो धान्य भिजवण्यात चूक झाल्यामुळे आला, थंड होण्यास वेळ लागल्यामुळे आला की नळी नीट न धुतल्यामुळे आला, हे नवशिक्याला कसे कळावे? डब्याच्या पद्धतीत धान्य आणि उकळणे हे दोन्ही टप्पे कारखान्याने केलेले असतात, त्यामुळे शिकणाऱ्याचे सगळे लक्ष यीस्टकडे राहते. आधी यीस्ट सांभाळायला शिकावे, धान्य नंतर आहेच.

हिशेबी (सिडनी)

दोन्ही बाजूंनी हिशेब अर्धवट मांडला आहे, म्हणून लिहितो. २३ लिटर म्हणजे ७४० मिलिलिटरच्या सुमारे ३० बाटल्या. दुकानातील २४ बाटल्यांच्या खोक्यात ९ लिटर बिअर असते, म्हणजे एका डब्यातून अडीच खोकी निघतात. डबा, साखर आणि बाटलीत घालायच्या साखरेच्या वड्या मिळून तीस डॉलरच्या आसपास जातात, आणि साध्या बिअरचे एक खोके पन्नास डॉलरच्या पुढे गेले आहे. या हिशेबाने फर्मेंटर आणि बाटल्यांचे पैसे दुसऱ्या खेपेपर्यंत वसूल होतात.

परंतु किती लोक तेथे थांबतात? तापमानासाठी जुना फ्रिज येतो, त्याला नियंत्रक येतो, बाटल्या धुण्याचा कंटाळा आला की पिंपे येतात, पिंपांबरोबर वायूचा सिलिंडर आणि रेग्युलेटर येतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा प्रकार या छंदात जितका दिसतो तितका मी अन्यत्र पाहिलेला नाही. यारा_काठचा यांचा 'वाचलेले पैसे तापमानावर घालावेत' हा सल्ला त्या उताराची पहिली पायरी आहे, असे मी नम्रपणे नोंदवतो. स्वस्तच हवे असेल तर ऋतू पाहून बिअर करावी, म्हणजे यंत्र लागत नाही.

टेम्सपार (रेडिंग)

ब्रिटनमध्ये हा वाद बराच जुना आहे. अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी १९६३ मध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट काढून टाकली आणि त्यानंतर येथे डब्यांचा धंदा वाढला. सफोकमधील स्टोमार्केट येथील मन्टन्ससारख्या माल्ट उत्पादकांनी असे डबे विकले, आणि मोजमाप अजून ४० पाइंट, म्हणजे तेच सुमारे २३ लिटर, असते.

आपण दोघेही टोकाच्या बाजू घेत आहात. येथे दोन प्रकारचे संच मिळतात. एका डब्याचा, ज्यात साखर आपण घालायची, आणि दोन डब्यांचा, ज्यात सुमारे ३ किलो अर्क असतो आणि साखर लागत नाही. दुसरा जवळजवळ दुप्पट महाग असला तरी सोपेपणात काडीचाही फरक नाही आणि चवीत मात्र मोठा आहे. नवशिक्याला साधेपणा हवा असतो. स्वस्ताई आणि साधेपणा या दोन गोष्टी यारा_काठचा यांनी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत, ते मला मान्य नाही.

यारा_काठचा

हा मुद्दा वजनदार आहे, तेव्हा सविस्तर उत्तर देतो. साध्या साखरेमुळे बिअरला सफरचंदाच्या दारूसारखी चव येते असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. परंतु बेल्जियममधील कित्येक कडक एल बिअरमध्ये साखर राजरोस घातली जाते आणि त्या तशा लागत नाहीत. दोष साखरेच्या प्रमाणाचा आहे. १.७ किलो अर्कात पाणी वगळता घन पदार्थ सुमारे १.३५ किलो असतात. त्यात १ किलो साखर घातली की एकूण घन पदार्थांपैकी ४० टक्क्यांहून अधिक भाग असा होतो की जो यीस्ट पूर्णपणे खाऊन टाकते आणि ज्याच्यातून बिअरला अंग, म्हणजे दाटपणा, मिळत नाही. त्यावर उपाय म्हणून दुसरा डबा घ्यावाच लागतो असे नाही. साखर अर्धी करून तिच्या जागी अर्धा किलो कोरडी माल्ट पावडर घातली की चव भरते आणि खर्च थोडाच वाढतो. दोन डब्यांच्या संचातही यीस्टची पुडी पुष्कळदा सहा-सात ग्रॅमचीच असते, आणि एवढ्या अर्काला ती अपुरी पडून किण्वन (आंबण्याची क्रिया) मध्येच अडकण्याचा धोका वाढतो. म्हणजे पैसे दुप्पट देऊनही वेगळी ११ ग्रॅमची पुडी विकत घेणे आलेच.

हिशेबी यांच्या ऋतूच्या सूचनेला मात्र माझा पाठिंबा आहे. जुलैत मेलबर्नचे गॅरेज १०-१२ अंशांवर येते आणि जानेवारीत ते तापलेल्या तव्यासारखे असते. मार्च-एप्रिल हे महिने त्यातल्या त्यात सोयीचे. डब्यावर 'लागर' लिहिलेले पाहून थंडीत ठेवले तर चालेल असे कोणी समजू नये, कारण स्वस्त लागरच्या डब्यात बहुधा एल जातीचेच, म्हणजे थंडीऐवजी कोमट तापमानात काम करणारे, यीस्ट असते आणि ते थंडीत झोपून राहते.

मुळामुठेकाठी (पुणे)

चर्चा उत्तम चालली आहे. ऑस्ट्रेलियाहून येणाऱ्या नातेवाइकांकडून असा एक डबा मागवून येथे प्रयोग करता येईल काय?

हिशेबी

करू नये. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे, पूर्वी ज्याला मुंबई दारूबंदी अधिनियम म्हणत, आणि त्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. 'घरच्यापुरतेच केले' हा बचाव तेथे चालत नाही.

कडवट_चव

पुन्हा मूळ विषयाकडे वळतो. स्वस्त संचाबद्दल माझी दुसरी तक्रार सूचनापत्रकाविषयी आहे आणि ती चवीपेक्षा गंभीर आहे. सोपे दिसावे म्हणून कित्येक पत्रकांत 'सहा-सात दिवसांनी बाटल्या भरा' असे लिहिलेले असते. किण्वन संपले की नाही हे दिवस मोजून कळत नाही, त्याला हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारी काचेची नळी, लागतो, आणि स्वस्तातील स्वस्त संचातून पहिली गाळली जाणारी वस्तू तीच असते. बाटलीत लिटरमागे साधारण ८ ग्रॅम साखर घालतो, ती फेसासाठी. गुरुत्वाचे, म्हणजे पाण्याच्या तुलनेतील घनतेचे, चार अंक उतरायचे राहिले असतील, म्हणजे १.०१० वर थांबणारी बिअर १.०१४ वर भरली असेल, तर जवळपास तेवढीच जादा साखर बाटलीत बंद होते. काचेची बाटली अशा दाबाने फुटते आणि तुकडे अंगावर येतात. ज्या संचात सुरक्षेची वस्तूच नाही त्याला मी साधा संच म्हणणार नाही, अपुरा म्हणेन.

यारा_काठचा

हायड्रोमीटरबाबत आपल्याशी शंभर टक्के सहमत. लागोपाठ दोन दिवस आकडा हलला नाही तरच बाटल्या भराव्यात. झाकणाच्या नळीतून बुडबुडे थांबले म्हणून काम संपले असे मानू नये, कारण झाकण जरा सैल असले तरी बुडबुडे येत नाहीत, आणि काही फर्मेंटरना ती नळी मुळात नसतेच. पहिल्या काही खेपांना प्लास्टिकच्या बाटल्या वापराव्यात. त्या दाबल्या की आतला ताण बोटांना कळतो. परंतु ही वस्तू थोड्या डॉलरांत वेगळी मिळते, त्यासाठी महागडा संच घेण्याचे कारण नाही.

टेम्सपार

येथे वापरलेले संच अगदी कवडीमोलाने विकायला असतात. आपल्या तर्काने पाहिले तर तेच घ्यावेत काय?

यारा_काठचा

बाटल्या आणि ढवळायचा चमचा जरूर घ्यावा. फर्मेंटर नीट पाहून घ्यावा. आतून बोट फिरवावे. तारेच्या घासणीचे ओरखडे लागले तर नको म्हणावे, कारण त्या रेघांत जंतू बसतात आणि कोणतेही निर्जंतुक द्रावण तेथे नीट पोहोचत नाही. मग खालची तोटी काढून तिचे दोन भाग वेगळे करावेत. बाहेरून लखलखीत दिसणाऱ्या तोटीच्या आत पुष्कळदा तपकिरी, चिकट कडे साचलेले असते आणि त्याला जुन्या ताकासारखा वास येतो. तोटी नवी घेता येते, ओरखडलेले भांडे दुरुस्त होत नाही. विक्रेत्याने सोबत डबा फुकट दिला तर त्याच्या तळावरची तारीख पाहावी. जुना अर्क काळवंडतो आणि त्याला एक तुरट-आंबट चव येते, झाकणाखालची पुडी तर बहुधा निरुपयोगी झालेली असते.

कडवट_चव

घ्यायचाच असेल डबा, तर मग स्टाउटचा घ्यावा. भाजलेल्या माल्टच्या चवीखाली नवशिक्याचे पुष्कळ दोष झाकले जातात. फिकट लागरमध्ये लपायला जागा नसते, आणि नेमकी तीच सर्वांत स्वस्त म्हणून सर्वांत आधी उचलली जाते.

यारा_काठचा

स्टाउटचा डबा मलाही मान्य आहे, आणि तोही त्याच स्वस्त फळीवर मिळतो. दोष झाकण्यासाठी म्हणून मात्र तो घेऊ नये असे मला वाटते. नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे येणारा औषधी वास किंवा चढ्या तापमानाचा झोंबणारा मद्यार्क पहिल्या खेपेला ओळखता आला, तर दुसऱ्या खेपेला तो टाळता येतो.

कडवट_चव

दुसरी खेप होईल हे आपण गृहीत धरले आहे. माझा सगळा आक्षेप तेथेच आहे.